फटफटीवरची साची

रस्त्यावरून गाडी गेली की आवाजावरून आपण म्हणतो, फटफटी आली. जपानमध्येही असंच झालं. होंडाच्या पहिल्या गाड्यांना तिथले लोक ‘बाता-बाता’ म्हणायचे, तेही आवाजावरूनच. त्या गाड्या आज फार दुर्मिळ आहेत. पण मला आठवण करून द्यायची आहे ती एका बाईची.

साल १९४६. महायुद्ध नुकतंच संपलेलं, खायला धान्य नाही, पेट्रोल मिळत नाही. हामामात्सू गावात सोइचिरो होंडा यांना सैन्याच्या बिनतारी यंत्राच्या जनरेटरचं छोटं इंजिन सापडलं. ते त्यांनी सायकलला बसवलं. तेलाची टाकी म्हणून काय लावलं? थंडीत अंथरुणात शेक घ्यायला गरम पाणी भरून ठेवतात, तो डबा!

त्यांची बायको साची सायकल मारत लांबून धान्य-भाजी आणायची. होंडांनी गाडी तिच्या हाती दिली, म्हणाले, चालवून बघ. बाईमाणसाला जमतं का, हेही त्यांना पाहायचं होतं. साची आपला चांगला मोनपे, म्हणजे सैल सुरवार, घालून भर गर्दीतून गाडी फिरवून आली. घरी येऊन बघते तर सुरवार तेलानं माखलेली. तिनं स्पष्ट सांगितलं, हे असं चालायचं नाही, गिऱ्हाइकं बोल लावतील. एरवी उलट बोलणारे होंडा त्या दिवशी गप्प ऐकून राहिले. कार्बोरेटरमधून तेल उलटं उडत होतं. विकायच्या गाड्यांत तो दोष काढला.

पुढे १९५८ साली त्यांची ‘सुपर कब’ आली. मध्ये खाली वाकलेली, पाय सहज टाकून बसता येईल अशी. हाताचा क्लच नाही, पायापुढे चिखल अडवणारं झाकण. २०१७ पर्यंत अशा दहा कोटी गाड्या तयार झाल्या.

गाडीवर नाव होंडांचं आहे, साचीचं नाही. पण वापरणारीनं खोट दाखवली आणि करणाऱ्यानं ती ऐकली, म्हणून गाडी सुधारली.

आता आपलं बघा. गटासाठी गिरणी घ्यायची, शेवयाचं यंत्र घ्यायचं, तर दुकानात बोलतं कोण? आणि रोज चालवणार कोण? पुढच्या वेळी जी चालवणार तिला सोबत न्या. आधी तिच्या हातानं चालवून बघा. पदर अडकतो, मूठ उंच पडते, तेल गळतं, जे असेल ते तिथंच सांगा. पैसे मोजण्याआधी.