वनस्नान : मनाला विसावा देणारे अरण्य



स्नान म्हटले की पाणी डोळ्यांपुढे येते. परंतु मराठी माणूस चांदण्यातही न्हातो आणि आनंदातही न्हाऊन निघतो. म्हणून 'वनस्नान' हा शब्द मराठी कानाला परका वाटण्याचे कारण नाही. मूळ शब्द जपानी आहे : 'शिनरिन-योकू'. शिनरिन म्हणजे अरण्य आणि योकू म्हणजे स्नान. या स्नानास नदी लागत नाही, तळे लागत नाही. पानांतून झिरपणारा प्रकाश, ओल्या मातीचा गंध, वाऱ्याची सळसळ, झाडाच्या सालीचा खरखरीत स्पर्श हे सारे सावकाश, पंचेंद्रियांनी अंगावर घ्यावयाचे, एवढाच त्याचा विधी. हे गिर्यारोहण नव्हे, कवायत नव्हे आणि गलबला करीत निघालेली सहलही नव्हे.

हा शब्द रूढ झाला १९८२ साली. जपानच्या वन खात्याचे तत्कालीन प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी तो योजिला. त्याच वर्षी नागानो प्रांतातील किसो खोऱ्यात, आकासावा येथील अरण्यात वनस्नानाचा पहिला सोहळा झाला. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. या कल्पनेमागे त्या वेळी प्रयोगशाळेचा भक्कम पुरावा नव्हता. अरण्यात मन निवते हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता आणि लोकांची पावले तिकडे वळावीत ही वन खात्याची इच्छा होती. नाव आधी आले, शास्त्र मागाहून.

गरज मात्र खरी होती. युद्धात बेचिराख झालेल्या जपानने काही दशकांतच जगाला दिपविणारी औद्योगिक प्रगती केली. तिची किंमत माणसांनी मोजली. अतिश्रमाने ओढवणाऱ्या मृत्यूसाठी त्या भाषेला 'कारोशी' हा स्वतंत्र शब्द घडवावा लागला. १९९८ ते २०११ या काळात तेथे दरवर्षी ३०,००० हून अधिक लोकांनी स्वतःच्या हाताने आपले जीवन संपविले. २००३ साली हा आकडा ३४,००० च्याही वर गेला. आजार, कर्ज, बेकारी, एकाकीपण अशी त्यामागे अनेक कारणे होती. शिस्तप्रिय, उद्यमी आणि संपन्न राष्ट्रही मनाने थकू शकते, हा त्याचा धडा.

अशा समाजातील शास्त्रज्ञांनी अरण्याकडे पुन्हा पाहिले, ते मोजमापाची साधने हाती घेऊन. चिबा विद्यापीठाचे योशिफुमी मियाझाकी आणि त्यांचे सहकारी यांनी २४ अरण्यांत २८० जणांवर केलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. रीत साधी होती. काही जणांना अरण्यात न्यावयाचे, काहींना शहरात. दुसऱ्या दिवशी त्यांची अदलाबदल करावयाची. दोन्हीकडे थोडा वेळ बसावयाचे, थोडा वेळ चालावयाचे. अरण्यात असताना त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, शहराच्या तुलनेत कमी आढळले. नाडी मंद होती, रक्तदाबही कमी होता. टोकियोच्या निप्पॉन मेडिकल स्कूलमधील डॉ. चिंग ली यांनी २००५ साली १२ नोकरदार पुरुषांना इईयामाच्या अरण्यात तीन दिवसांसाठी नेले. त्यांच्या रक्तातील रोगप्रतिकारक अशा 'नॅचरल किलर' पेशींची क्रियाशीलता सुमारे निम्म्याने वाढली. पुढील प्रयोगात शहराची सहल घडविली असता तशी वाढ दिसली नाही.

शरीराचे झाले, मनाचे काय? अमेरिकेतील रेचेल व स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने यावर दीर्घकाळ चिंतन केले. कार्यालयात, रहदारीत, हिशेबाच्या वहीपुढे माणूस लक्ष बळेच एकवटून ठेवतो. अशा लक्षाला थकवा येतो आणि थकलेले मन चिडचिडे होते. याउलट वाहता झरा किंवा हलणारे पान लक्ष वेधून घेते, पण ओढून नेत नाही. तेवढ्यात थकलेल्या लक्षाला विसावा मिळतो. अमेरिकेत ग्रेगरी ब्रॅटमन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोगही बोलका आहे. काही जण निसर्गात ९० मिनिटे चालले, काही वाहत्या रस्त्याच्या कडेने. निसर्गात चाललेल्यांच्या मनातील तेच ते दुखरे विचार पुनःपुन्हा घोळण्याचे प्रमाण घटले आणि त्याच्याशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागाची हालचालही मंदावली.

तथापि, उत्साहाच्या भरात विवेक सुटता कामा नये. यांपैकी अनेक प्रयोग थोड्या माणसांवर आणि थोड्या दिवसांचे आहेत. सुटी, चालणे, सोबत आणि अरण्य यांचे वाटे वेगळे करणे सोपे नाही. वनस्नानाने मनाचा ताण हलका होतो, असे म्हणण्यास आधार आहे. गंभीर नैराश्य केवळ त्यानेच बरे होते, असे म्हणण्यास नाही. ज्या घरात कोणी खोल निराशेत बुडाले आहे, तेथे वैद्यकीय उपचार आणि आप्तांचा आधार यांना पर्याय नाही. शिवाय, माणसाला तीन दिवस अरण्यात न्यावयाचे आणि चौथ्या दिवशी पुन्हा त्याच चरकात घालावयाचे, हे स्नान नव्हे. ते यंत्रात तेल घालणे झाले.

आता पुन्हा आकासावाकडे वळू. तेथील 'हिनोकी' वृक्ष सुमारे तीनशे वर्षांचे आहेत. ते आपोआप राहिलेले नाहीत. सतराव्या शतकाच्या प्रारंभी किल्ले आणि नगरे उभारण्यासाठी किसोची वने बेसुमार तोडली गेली. तेव्हा तेथील ओवारी संस्थानाने वने बंद केली आणि पाच जातींच्या वृक्षांना कुऱ्हाड लावण्यास मनाई केली. 'एका झाडाला एक शिर' या शब्दांत त्या जरबेची आठवण आजही सांगितली जाते. शिक्षा क्रूर होती, तिचे समर्थन कोणी करू नये. पण तोड थांबली म्हणून अरण्य उरले. इसे येथील महामंदिराची दर वीस वर्षांनी नव्याने उभारणी होते आणि तिला किसोचे लाकूड लागते. मागील उभारणी २०१३ साली झाली, पुढील २०३३ साली व्हावयाची आहे. वीस वर्षांनी लागणाऱ्या लाकडासाठी शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचा विचार लागतो.

जेथे हा विचार सुटला, तेथील फळही जपाननेच चाखले. युद्धोत्तर काळात लाकडाच्या गरजेपोटी डोंगरच्या डोंगर 'सुगी' आणि हिनोकी यांच्या एकसुरी लागवडीने भरले गेले. आज दर वसंत ऋतूत त्यांच्या परागकणांनी कोट्यवधी लोकांचे डोळे चुरचुरतात, नाके वाहतात. अखेर २०२३ साली तेथील शासनाला सुगीच्या लागवडीखालील क्षेत्र दहा वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटविण्याचा संकल्प सोडावा लागला. झाडे लावली म्हणजे अरण्य झाले, असे नव्हे.

जपानमध्ये मंदिराभोवती राखलेल्या वनाला 'चिंजु नो मोरी' म्हणतात. हे ऐकताच कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या माणसाला देवराई आठवेल. त्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात मांडला. दोन दूरच्या समाजांनी एकमेकांना न विचारता एकच शहाणपण जपले : गावाजवळ एक तुकडा असा ठेवावा, जेथे माणूस काही घेण्यासाठी जात नाही.

वनस्नानाचे मर्म याच ठिकाणी आहे. हाती कोयता नाही, कानाला भ्रमणध्वनी नाही, पोहोचावयाचे ठिकाण नाही. घेण्याची वृत्ती उंबऱ्यावर ठेवून जो आत जातो, त्याचे मन निवते. पण त्यासाठी आत अरण्य शिल्लक असावे लागते. आकासावाच्या सावलीत आज जो थकलेला नोकरदार डोळे मिटून बसतो, त्याच्यावर उपकार आहेत ते ज्यांची नावे ठाऊक नाहीत अशा तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांचे. त्यांनी झाड तोडले नाही. तीनशे वर्षांनंतरच्या थकलेल्या माणसासाठी आजची पिढी काय न तोडता ठेवणार आहे, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या गावाच्या शिवेवर उभे राहून द्यावयाचे आहे.