बंद पडलेलं मशीन आणि आमचा रोज

(शेतकरी व शेतमजूर बायकांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मला भाषणाची सवय नाही, म्हणून मशीनच सोबत आणलंय. याला आमच्याकडे ग्रास कटर म्हणतात. लांज्याकडे आंबा-काजूच्या बागांत पाऊस सरताना कमरेएवढं गवत असतं. पूर्वी ते आम्ही बाया कोयतीनं कापायचो. मग मशीन आलं. ते पुरुषाच्या खांद्यावर गेलं आणि रोजही त्याच्याबरोबर गेला, आमच्या दुपटीहून जास्त. आमच्याकडे राहिलं कापलेलं गवत ओढणं. समान कामाला समान मोबदला देण्याचा कायदा १९७६ साली झाला. ते बागवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "काम समान कुठं आहे? तो मशीन चालवतो."

म्हणून आमच्या बचत गटानं हे जुनं मशीन घेतलं. एक हंगाम चाललं. पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर बाहेर काढलं, तर चालू होईना. दोरी ओढून ओढून खांदे गेले. तालुक्याला एका गॅरेजात नेलं. तो म्हणाला, "वहिनी, ठेवून जा, बघतो." तीन आठवडे ठेवलं. मग म्हणाला, "कॉइल गेली, नवीनच घ्या." तोवर दसरा होऊन गेला होता, बागा दुसऱ्यांनी कापल्या होत्या. गटातल्या दोघी तर म्हणाल्याच, आपलं काम नव्हे हे, भंगारात घाला.

मी घातलं नाही. माझा भाचा पंप दुरुस्त करतो, त्याला म्हटलं, तू हात लावू नकोस, फक्त सांग. त्यानं सांगितलं ते एवढंच: इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. तिन्हीपैकी काय पोचत नाही ते शोध.

आधी स्विच बघा. हसू नका, मी स्वतः बंद स्विचवर दोरी ओढली आहे. मग प्लगची टोपी काढा, प्लग पान्यानं खोला. प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. चोक लावून फार वेळा दोरी ओढली की असं होतं. तेव्हा स्विच बंद, चोक बंद, प्लग बाहेर ठेवून दहा वेळा दोरी ओढायची, आतलं पेट्रोल उडून जातं. प्लग काळा असेल तर तारेच्या ब्रशनं घासा. कोरडाच्या कोरडा असेल तर पेट्रोल आत येतच नाही.

ठिणगी बघायची तर मशीन बाजूला न्या, टाकीचं झाकण घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसून वाळू द्या. प्लग टोपीत घालून त्याचा धातू इंजिनाच्या धातूला टेकवा, टोपी रबराला धरा, स्विच चालू करा, दुसरीनं दोरी ओढायची. आमच्या प्लगवर छान निळी ठिणगी आली. म्हणजे कॉइल गेलेली नव्हती! मला त्या दिवशी जो राग आला, तो अजून आहे.

दोष होता पेट्रोलचा. हंगाम संपल्यावर आम्ही टाकी तशीच भरलेली ठेवली होती. पेट्रोल शिळं होतं, त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसतो. शिवाय आता पंपावरच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, २०२५ पर्यंत ते वीस टक्क्यांपर्यंत नेलं गेलं. इथेनॉल ओल ओढून घेतं, आणि जुन्या मशीनची रबरी नळी, पडदे त्यानं खराब होतात. आमची नळी हातात घेतली तर तुटलीच. नवी नळी, टाकीतली छोटी जाळी साफ, कार्बोरेटर धुतला, हवेचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला. दोन दिवस गेले. चौथ्या ओढीला चालू झालं.

आता हंगाम संपला की टाकी रिकामी करतो आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. या इंजिनात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आमच्या मशीनला लिटरला ४० मिली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी औषधाच्या बाटलीचं दहा मिलीचं झाकण ठेवलंय, चार झाकणं. तुमच्या मशीनचं प्रमाण वेगळं असेल, ते विचारून घ्या. ऑइल विसरलात तर इंजिन जाम होईल, मग खरंच भंगार.

अक्षरओळख नाही म्हणून कुणी मागे बसू नका. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्याच्या बाया, बहुतेक दलित आणि कोल आदिवासी, हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या कितीतरी जणींना तेव्हा वाचता येत नव्हतं.

गेल्या हंगामात आम्ही तिघींनी आळीपाळीनं मशीन चालवलं. दोन बागवाल्यांनी मशीनवाल्याचा रोज दिला. तिसरा म्हणाला, बाईला एवढा कशाला? त्याच्या बागेत आम्ही गेलो नाही. गेलो असतो तर चार दिवसांचं काम होतं, आणि एकीला त्या पैशांची गरज होती. त्यावर गटात अजून भांडण चालू आहे, ते दुपारी बोलू.

आता मशीन पुढे देते. टोपी काढलेली आहे, पान्याला हात लावायला भिऊ नका. एकेकीनं प्लग खोलायचा आणि परत बसवायचा. आधी हातानं फिरवा, मग पाना.