अमेरिकेचा इतिहास : पुस्तकातला आणि पुस्तकाबाहेरचा
(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की, नांदेडच्या विहारात अमेरिकेचं काय काम? आपले प्रश्न वेगळे, त्यांचे वेगळे. परंतु आपल्या चळवळीचा आणि अमेरिकेचा संबंध आजचा नाही, तो दीडशे वर्षांचा आहे. महात्मा जोतिराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला, तो अर्पण केला अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठी त्याग केला. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा आणि शूद्रांना दास्यातून सोडवावं, अशी इच्छा त्यांनी तिथे व्यक्त केली. पुण्यात बसून जोतिबांची नजर एवढी लांब गेली होती. तेव्हा आपणही थोडं लांब पाहायला हरकत नाही.

शाळेच्या पुस्तकात अमेरिका कशी येते? 1492 साली कोलंबस गेला आणि त्याने अमेरिका 'शोधली'. 1776 साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, सर्व माणसं समान आहेत असं त्यात म्हटलं. मग लिंकन आला आणि त्याने गुलाम मुक्त केले. परीक्षेपुरतं एवढं पुरे होतं. मात्र या तीन वाक्यांत कोण कोण नाही, ते आपण बघू.

पहिलं वाक्य घ्या. कोलंबस निघाला होता आपल्या देशाचा रस्ता धुंडायला. पोहोचला भलतीकडेच, म्हणून तिथल्या लोकांना 'इंडियन' हे नाव पडलं. ते लोक तिथे हजारो वर्षांपासून राहत होते. ज्यांच्या घरात आपण शिरतो, त्यांचं घर आपण शोधलं असं कसं म्हणता येईल? पुढे 1830 साली अमेरिकेच्या सरकारने कायदाच केला आणि या मूळ लोकांना त्यांच्या जमिनीवरून उठवून पश्चिमेकडे पाठवलं. चेरोकी नावाच्या जमातीला 1838-39 च्या हिवाळ्यात शेकडो मैल चालवलं. सोळा हजारांच्या आसपास लोक होते, त्यांतले सुमारे चार हजार मेले असा अंदाज सांगतात. त्या वाटेला ते आजही 'आसवांची वाट' म्हणतात.

दुसरं वाक्य, सर्व माणसं समान आहेत. हे ज्यांनी लिहिलं त्या जेफरसन साहेबांकडे आयुष्यभरात सहाशेच्या वर गुलाम होते. वाक्य चांगलं आहे, त्यात वाद नाही. पुढे काळ्या लोकांनी त्याच वाक्यावर बोट ठेवून हक्क मागितले. परंतु लिहिलं तेव्हा त्यात काळा माणूस धरलेला नव्हता, बाईही धरलेली नव्हती.

आता कापसाचं बोलतो, कारण कापूस आपल्या ओळखीचा आहे. समोर बसलेल्या किती तरी आयाबायांनी रोजाने कापूस वेचलेला आहे. बोटं कशी सोलतात हे त्यांना सांगायला नको. 1793 साली अमेरिकेत सरकी वेगळी करण्याचं यंत्र निघालं, ज्याला आपण जिनिंग म्हणतो. यंत्र आलं म्हणजे माणसाचे कष्ट कमी व्हावेत. झालं उलटं. सरकी झपाट्याने निघू लागली, म्हणून मालकांनी जास्त रान कापसाखाली आणलं, आणि वेचायला जास्त गुलाम लागले. 1790 साली त्या देशात सुमारे सात लाख गुलाम होते, 1860 साली ते चाळीस लाखांच्या घरात गेले. आई एका मालकाकडे, लेकरू दुसऱ्याकडे, अशी बाजारात विक्री व्हायची. हा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांत जायचा. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, कापूस अडला आणि इंग्रजांनी आपल्याकडच्या कापसाकडे धाव घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. म्हणजे बघा, तिकडच्या गुलामाच्या बेडीची कडी इकडच्या बाजाराला अडकलेली होती. मुंबईच्या भरभराटीचा धडा शिकताना ही कडी दाखवली पाहिजे.

तिसरं वाक्य, लिंकनने गुलाम मुक्त केले. लिंकन मोठा माणूस होता, त्याचा मोठेपणा कमी करण्याचं कारण नाही. 1 जानेवारी 1863 ला त्याचा जाहीरनामा लागू झाला. परंतु त्याच युद्धात सुमारे 1 लाख 79 हजार काळे सैनिक लिंकनच्या बाजूने लढले, हे किती पुस्तकांत असतं? हॅरिएट टबमन नावाची बाई 1849 साली गुलामीतून पळाली, आणि स्वतः सुटल्यावर पुन्हा पुन्हा मागे जाऊन इतरांना सोडवून आणत राहिली. फ्रेडरिक डग्लस लहानपणी गुलाम होता. मालकीण त्याला अक्षरं शिकवायला लागली, तर मालकाने बंद केलं. गुलाम शिकला तर गुलाम राहणार नाही, हे मालकाला पक्कं ठाऊक होतं. मग त्या पोराने काय केलं? गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांना भाकरीचा तुकडा द्यायचा आणि बदल्यात अक्षर शिकून घ्यायचं. 1838 ला तो पळाला, 1845 ला त्याने स्वतःचं चरित्र लिहिलं. त्यानंतर तीन वर्षांनी, 1848 ला, जोतिबा पुण्यात मुलींची शाळा काढत होते. दोन टोकांना दोन माणसं, आणि दोघांनाही अक्षराची ताकद कळलेली.

'मुक्त केले' म्हटलं की गुलाम हात जोडून बसलेला दिसतो, देणारा वर आणि घेणारा खाली. 'लढून मुक्त झाले' म्हटलं की चित्र बदलतं. एका शब्दाने एवढा फरक पडतो, म्हणून शब्दाकडे लक्ष द्यावं. 2015 साली टेक्सासमधल्या एका भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात, आफ्रिकेतून शेतमळ्यांवर 'कामगार' आणले असं छापलं होतं. बेड्या घालून आणलेला माणूस कामगार कसा? एका विद्यार्थ्याने त्या पानाचा फोटो आईला पाठवला, आईने आवाज उठवला आणि प्रकाशकाला मजकूर दुरुस्त करावा लागला. एक लेकरू आणि एक आई, बस्स. पुस्तक वाचताना प्रश्न विचारणारं लेकरू आपल्याही घरात असावं.

मुक्ततेनंतरचं तर बहुतेक धड्यांत येतच नाही. जानेवारी 1865 मध्ये जनरल शेरमनने हुकूम काढला की, समुद्रकाठची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून द्यावी. लोक जमिनीवर बसले, पेरायला लागले. लिंकनचा खून झाला, नवा अध्यक्ष आला आणि त्याच वर्षी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. माणूस मोकळा झाला पण पायाखाली जमीन नाही, मग तो पुन्हा त्याच मालकाच्या शेतात वाट्याने राबायला गेला. हे ऐकून गायरानाची आठवण येते की नाही? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा जो सत्याग्रह केला, त्यात लाखो माणसं तुरुंगात गेली. त्यांची मागणी हीच होती, कसायला जमीन द्या. कागदावर मत आलं, पण शेताचा बांध आला नाही, हे दुखणं दोन्हीकडे सारखं आहे.

बाबासाहेब 1913 ते 1916 न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. शेजारीच हार्लेम, काळ्या लोकांची वस्ती. पुढे त्यांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना आपल्या लिखाणात केली. गुलामाला निदान आपण गुलाम आहोत हे माहीत असतं. अस्पृश्यता अशी गुलामी आहे की भोगणाऱ्यालाही ती कळत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. 1946 साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या काळ्यांच्या थोर विद्वानाला पत्र लिहिलं. तुमचा प्रश्न आणि आमचा प्रश्न सारखा आहे, असं कळवून, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती मागितल्या. डू बॉइसनी आपुलकीने उत्तर दिलं. 1972 ला मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली, तेव्हा ते नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. आणि आपल्या मराठवाड्यातही हा अभ्यास झालेला आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आणि नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हे पुस्तक मराठीत लिहून ठेवलं आहे. निग्रो हा शब्द आता तिकडे कुणी वापरत नाही, पण पुस्तक मिळालं तर अवश्य वाचा.

भगिनींसाठी एक गोष्ट. 1955 च्या डिसेंबरात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या बाईने बसमधली जागा गोऱ्यासाठी सोडायला नकार दिला. पुस्तकात ही गोष्ट इथे संपते आणि डॉ. मार्टिन ल्यूथर किंग सुरू होतात. परंतु त्या रात्री जागून हजारो पत्रकं छापली ती जो अॅन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने, आणि ती वाटली तिथल्या महिला मंडळाने. नंतर 381 दिवस काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. त्यात धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका रोज मैलोन् मैल पायी कामाला गेल्या. 1956 च्या डिसेंबरात त्या जिंकल्या. त्याच वर्षी आपण नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि त्याच डिसेंबरात बाबासाहेब आपल्यातून गेले.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथे ग्रीनवूड ही काळ्यांची चांगली चालती-बोलती वस्ती होती, दुकानं, चर्च, दवाखाने असलेली. 31 मे आणि 1 जून 1921 ला गोऱ्या जमावाने ती जाळली. हजारावर घरं गेली, मेलेल्यांचा आकडा तीनशेपर्यंत असावा असं मानतात. आणि पुढे कित्येक वर्षं त्या राज्यातली मुलं शाळेत गेली, इतिहासात पास झाली, पण हे त्यांना कुणी सांगितलं नाही. 1997 साली सरकारने चौकशी मंडळ नेमलं, 2001 ला अहवाल आला. ऐंशी वर्षं लागली. तोपर्यंत साक्षीदार बहुतेक गेलेले होते.

हे मी का सांगतो? 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा खून झाला, जनार्दन मवाडे मारले गेले. 1993 च्या नोव्हेंबरात याच नांदेडमध्ये गौतम वाघमारेंनी नामांतरासाठी स्वतःला जाळून घेतलं. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. आणि त्याच वर्षी 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ आलं. ते आपल्या सोयीचं झालं, स्वामीजींचं कार्यही थोर आहे. पण परिणाम काय झाला बघा. ज्या जिल्ह्याने त्या नावासाठी जीव दिले, त्या जिल्ह्यातल्या मुलांच्या पदवीवर ते नाव नाही. नांदेड-लातूरच्या आजच्या पोराला वाटतं, नामांतर म्हणजे औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं प्रकरण. आपल्याच गल्लीतल्या आजीचं घर त्यात जळालं हे त्याला माहीत नाही. नामांतरावर किती ओळी आहेत, ते आज रात्री घरी जाऊन मुलांची पुस्तकं उघडून मोजा.

सरकारच्या पुस्तकाची वाट पाहत बसायची का? अमेरिकेतल्या कार्टर वुडसन या गुलामाच्या मुलाने वाट पाहिली नाही. त्याने 1926 साली काळ्यांच्या इतिहासाचा आठवडा सुरू केला, 1976 पासून तो पूर्ण महिना झाला. आणखी एक काम तिकडे झालं. 1936 ते 1938 या काळात लेखकांना गावोगाव पाठवून, गुलामीत जन्मलेल्या दोन हजार तीनशेहून अधिक म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून त्यांची हकिकत उतरवून घेतली. त्यातही एक उणीव राहिली. विचारणारे बहुतेक गोरे होते, म्हणून म्हातारी माणसं पुष्कळदा जपून बोलली, मनातलं मनात ठेवलं. यावरून शिकायचं ते हे की, आपल्या आजीला प्रश्न आपल्या नातवानेच विचारावा.

1978 ला जे विशीत होते ते आज पासष्टीच्या पुढे आहेत. दरवर्षी त्यांतले काही जण कमी होतात. म्हणून विहार समितीला माझी विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक तास ठेवा. नववी-दहावीच्या मुलांच्या हाती वह्या द्या, मोबाईल आहेतच, आवाज उतरवून घ्या. तेव्हा तुम्ही कोणत्या गावात होता, कोणी घर सोडायला लावलं, कोणी आसरा दिला, रेशन कुठून आलं, शाळा सुटली की राहिली, असे साधे प्रश्न विचारा. आसरा देणारे दुसऱ्या समाजाचे असतील तर त्यांचंही नाव लिहा, सत्य अर्धं लिहायचं नसतं. बायकांना आधी विचारा, कारण त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. जे लिहाल त्यावर तारीख आणि गाव घाला, आणि वह्या विहाराच्या कपाटात कुलूप लावून ठेवा. पुढच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत माझं भाषण नसलं तरी चालेल, त्या वह्यांतली दहा पानं छापा.