मागुराच्या पिलाला तेल किती?



वसंत व्याख्यानमालेत आज आम्ही माशाच्या जेवणाविषयी बोलणार आहोत. मासा जेवणारांविषयी नव्हे, तेव्हा शाकाहारी श्रोत्यांनी निर्धास्त असावे.

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. पण गोदावरी आहे, पूर्णेवर येलदरीचा जलाशय आहे, आणि २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आल्यापासून शिवारात शेततळीही झाली आहेत. अशा तळ्यात मिशांचा, बिनखवल्यांचा देशी मागूर पाळता येतो. मात्र तळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते. डोहातल्या चिखलात पिलाला जे किडे आणि सूक्ष्म जीव आयते मिळतात, ते येथे फार थोडे. मालक जे टाकील तेच त्याचे अन्न. म्हणूनच त्या अन्नात काय असावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मागुराचे पिलू अंड्यातून बाहेर पडते ते शिदोरी घेऊनच. पोटाशी असलेल्या बलकाच्या पिशवीवर ते पहिले तीनेक दिवस काढते. या बलकात प्रथिने असतात, तसा स्नेहही असतो. निसर्गाने घातलेला हा पहिला घास आपण नीट पाहिला, तर पुढचे पुष्कळसे कळते.

प्रथिनांनी मांस बनते, स्नेहाने शक्ती मिळते. एक ग्रॅम स्नेहापासून सुमारे ९ कॅलरी मिळतात, प्रथिनांपासून सुमारे ४. धान्यातील पिष्टाचा उपयोग गाईबैलांइतका माशाला करता येत नाही. मग खाद्यात स्नेह कमी पडला की पिलू प्रथिनेच जाळू लागते. चूल पेटविण्यासाठी घराचे सागवानी वासे काढावे, तसा हा प्रकार! खाद्यात सर्वांत महाग असतात ती प्रथिनेच. तीच धुरावाटे जातात आणि पिलू खुरटे राहते.

मग तेल भरपूर घालावे काय? तसेही नाही. मिशांच्या माशांच्या खाद्यात साधारणपणे शंभर भागांत सहा ते दहा भाग स्नेह पुरतो. त्याहून फार झाला, तर थोडे खाऊनच माशाची भूक भागते, प्रथिने कमी पोटात जातात, आणि चरबी यकृतात व पोटात साठते. मासा जाड दिसतो. पण ती वाढ नव्हे.

तेल किती, याइतकेच ते कोणते, हेही पाहिले पाहिजे. काही स्निग्धाम्ले माशाच्या शरीरात तयार होत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात. येथे आपला जिल्हा भाग्यवान आहे. परभणीचे कृषि विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. करडईच्या संशोधनासाठी ते प्रसिद्ध आहे आणि ‘परभणी कुसुम’ हा वाण त्याचाच. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल विपुल, पण लिनोलेनिक आम्ल नाममात्र. हे दुसरे आम्ल जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास असते. अमेरिकेत पाळल्या जाणाऱ्या चॅनल कॅटफिशला या दुसऱ्याचीच मुख्य गरज असल्याचे प्रयोगांत आढळले आहे. तेव्हा एकट्या करडईवर विसंबू नये. जवसाची जोड असावी.

पेंड घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. घाण्याच्या पेंडीत शेकडा सहासात भाग तेल उरलेले असते. रसायनाने तेल काढून घेतलेल्या पेंडीत जेमतेम एक. नाव एक, गुण दोन! आणि आपल्या उन्हाळ्यात खाद्य लवकर खवट होते, जवसाचे तेल तर फारच लवकर. खवट तेल ई जीवनसत्त्वाचा नाश करते आणि पिलू आजारी पडते. म्हणून महिन्याचे खाद्य एकदम भरू नये. सावलीत, कोरड्या जागी, झाकून ठेवावे.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? कत्तलखान्यातील टाकाऊ चरबी-आतडी फुकट मिळतात. त्याच वाटेने आफ्रिकी मागूर वाढविला गेला. त्याने पाणी नासले, आणि हा अधाशी परका मासा नद्यांत शिरून देशी जाती खाऊ लागला. त्याच्या पालनावर शासनाची बंदी आहे, ती याचसाठी. फुकटच्या चरबीची किंमत शेवटी गोदावरीने द्यावयाची, हा सौदा आम्हांस मान्य नाही.

वरणभातावर आई तूप वाढते, ते बेताने, ताजे, आणि मूल पाहून. तळ्याच्या काठी उभे राहून खाद्य टाकणाऱ्या हातालाही हाच विवेक असावा, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.