धनुष्कोडीचे स्टेशन
(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



आपल्यापैकी कितीतरी जणी काशी-रामेश्वर करून आल्या आहेत आणि काही जणी लवकरच निघणार आहेत. रामेश्वरला गेले की सेतूची वाळू घेण्यासाठी आपण धनुष्कोडीला जातो. तेथे वाळूत काही पडक्या भिंती दिसतात. "हे जुने स्टेशन," असे वाटाड्या सांगतो आणि आपण पुढे निघतो. त्या स्टेशनाची हकीकत आज आपणांस सांगावी, असे मनात आहे.

१९१४ साली पांबनचा रेल्वेपूल खुला झाला आणि मद्रासची गाडी थेट धनुष्कोडीला जाऊ लागली. तेथून आगबोटीने तलैमन्नार आणि पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. म्हणून त्या गाडीला 'बोट मेल' म्हणत. कोळ्यांच्या त्या लहानशा गावात पोस्ट, शाळा, चर्च, जकातीची कचेरी, सारे काही होते.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळ आले. पांबनहून आलेली पॅसेंजर स्टेशनाच्या जवळ पोहोचली असतानाच लाटेने गिळली. गाडीत शंभरावर माणसे होती. एकही वाचले नाही. गावही वाहून गेले.

त्याच वादळात पांबनचा पूलही मोडला होता. ई. श्रीधरन या तरुण इंजिनियरकडे काम सोपविले गेले आणि ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. आपली कोकण रेल्वे पुढे ज्यांनी बांधली, तेच हे श्रीधरन. परंतु स्टेशन मात्र पुन्हा उभे राहिले नाही. गाव वस्तीस अयोग्य ठरले आणि बोटी रामेश्वरहून सुटू लागल्या. २०१९ साली नव्या लोहमार्गाची कोनशिला बसली, पण रूळ काही आले नाहीत.

भगिनींनो, गाव अयोग्य ठरले तरी तेथील कोळी कुटुंबे समुद्र सोडून कोठे जाणार? ती परत आली. तेथल्या बाया आजही वाळूत खड्डा खणून गोडे पाणी भरतात आणि शंखशिंपले विकून संसाराला हातभार लावतात.

म्हणून यात्रेला निघणाऱ्या भगिनींना माझी विनंती आहे. त्या भिंतींचा दगड आठवण म्हणून उचलू नका. शिंपले विकणाऱ्या बाईशी चार आण्यांसाठी घासाघीस करू नका. भाषा येत नसली तरी हसून तिची विचारपूस करा. आणि आपल्या पितरांना पाणी सोडाल, तेव्हा एक ओंजळ त्या गाडीतल्या माणसांसाठीही सोडा. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, पण पाणी द्यायला नाव लागतेच असे नाही.

एवढे बोलून मी आपली रजा घेते.