पुतळ्याचा ठराव



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात संतवाङ्मयावर किंवा कादंबरीवर बोलावे अशी रीत आहे. मी आज नगरपालिकेवर बोलणार आहे, आणि त्याला निमित्त आपणच पुरवले आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा अर्धपुतळा शाळेबाहेरच्या चौकात महानगरपालिकेच्या खर्चाने बसवावा, अशी सूचना काही माजी विद्यार्थ्यांनी पुढे आणली आहे. तिच्यामागचा भाव मला शिरोधार्य आहे. परंतु नगराच्या पैशातून, नगराच्या जागेवर एखादी कलाकृती उभी राहते, तेव्हा तो निर्णय कोण घेतो आणि कशाच्या आधारे घेतो, हे आधी पाहिले पाहिजे.

या बाबतीत पुण्याचे उदाहरण मला सर्वांत बोधप्रद वाटते. १९२४ साली तेथील मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला; अनावरण पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झाले. पुढच्याच वर्षी केशवराव जेधे यांनी महात्मा जोतीराव फुले यांचा पुतळा नगरपालिकेने उभारावा, अशी मागणी सभागृहात आणली. ती फेटाळली गेली. त्या नकारातून जो वणवा पेटला त्याची धग मराठी वाङ्मयाच्या इतिहासालाही लागली आहे. दिनकरराव जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ हे जळजळीत पुस्तक १९२५ सालचेच. त्यावर खटला झाला, आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आरोपींची बाजू मांडून त्यांना सोडवले. पुस्तकाची भाषा आजही अंगावर येते. तिचे समर्थन मी करणार नाही. पण एका ठरावाला मिळालेला नकार माणसांच्या किती खोल जागी लागतो, याचा तो पुरावा आहे.

या कथेतला एक दुवा सहसा सांगितला जात नाही. जोतीराव स्वतः पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी शहर शृंगारण्याचा खर्च मंजुरीस आला, तेव्हा विरोधी मत देणारे ते एकटेच होते. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे शोभेवरील सार्वजनिक खर्चाविषयी ज्याने सभागृहात पहिला अवघड प्रश्न विचारला, त्याच्याच पुतळ्यावरून ते सभागृह पुढे दुभंगले! कालांतराने आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्या मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. आज लोकमान्यांचा पुतळा महात्मा फुले मंडईत उभा आहे. पुतळ्याच्या ठरावाने जे नाकारले ते नामकरणाने दिले.

मात्र त्या साऱ्या वादाचा रोख ‘कोणाचा पुतळा’ यावर होता. ‘कसा’ आणि ‘कोणाच्या हातचा’ हे प्रश्न मागेच राहिले, आणि आपल्याकडे ते अजूनही बव्हंशी मागेच आहेत. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायद्याच्या चौकटीत पुणे आणि आपले वडोदरे, दोन्ही नगरे वाढली. पुढे दोन्ही राज्यांत त्या कायद्याची नावे बदलली. त्यात कर्तव्ये दोन प्रकारची आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. पाणी, गटारे, दिवे पहिल्या प्रकारात. शोभा आणि कला या दुसऱ्या प्रकारच्या दयेवर जगतात. ठराव झाला की तो स्थायी समितीकडे जातो, आणि मग पाइप मागवावेत तशी शिल्पाची निविदा निघते. शिल्पकाराचा हात निविदेत कसा मोजावा, हे कोणी मला समजावून सांगितले तर मी ऋणी होईन.

महाराष्ट्रात पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. नियम चांगला आहे. त्याची मर्यादा मालवणच्या राजकोट किल्ल्यावर दिसली. ते काम कोण्या नगरपालिकेचे नव्हते, पण धडा सर्वांना लागू आहे. शिवछत्रपतींचा सुमारे ३५ फुटी पुतळा तेथे डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. संचालनालयाने सांगितले की, आपण मंजूर केला तो ६ फुटी नमुना. नमुन्यापासून चौथऱ्यापर्यंतच्या प्रवासाला धनी कोण?

अन्यत्र काय करतात? अमेरिकेतील फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये पुनर्विकासाच्या बांधकामखर्चाचा १ टक्का कलेसाठी राखण्याचा नियम केला. न्यूयॉर्कने १९८२ मध्ये आपल्या सार्वजनिक बांधकामांसाठी तसाच कायदा केला. यामुळे पैशाचा प्रश्न दर वेळी नव्याने भांडावा लागत नाही, आणि निवडीच्या वेळी कलेचे जाणकार बोलावले जातात. तेथेही वाद होतात. पण ते शिल्पावरून होतात, हे काय थोडे आहे?

आपल्या नगराला दोन्ही टोके ठाऊक आहेत. कीर्तिमंदिराच्या भिंती नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवल्या. त्यांना पाचारण केले ते श्रीमंत सयाजीराव महाराजांनी. तेथे ठराव नव्हता आणि निविदाही नव्हती. पण सयाजीराव काही मतदानाने मिळत नाहीत. उलट, याच नगरात शिकलेले शिल्पकार नागजी पटेल यांनी फतेहगंजच्या चौकासाठी वटवृक्षाचे शिल्प घडवले. वड हे या गावाच्या नावातच आहे. उड्डाणपुलाचे काम निघाले आणि ते शिल्प उतरवले गेले. उभारताना ठराव लागतो, उतरवताना अभियंत्याची गरज पुरेशी ठरते. दिल्लीच्या विज्ञान भवनातून अमरनाथ सेहगल यांचे ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढले गेले, तेव्हा ते न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांचा नैतिक हक्क मान्य करून शिल्प परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. असे झगडण्याइतके बळ किती कलावंतांत असते?

आता आपल्या अर्धपुतळ्याकडे येतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळ्यांना परवानगी देण्यास मनाई केली आहे. तेव्हा चौकाचा विचार सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जागा शाळेच्या आवारात आहे; पैसा माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या ऐपतीने द्यावा. ललित कला महाविद्यालय आपल्या दारात असताना शिल्पकार निविदेने शोधू नये. मातीचा नमुना महिनाभर शाळेच्या ग्रंथालयात ठेवावा, आणि ज्यांना गुरुजींनी प्रत्यक्ष शिकवले त्यांनी येऊन तो पाहावा. दरसालच्या निगराणीची रक्कम आणि ती सांभाळणाऱ्याचे नाव त्याच ठरावात लिहावे. विश्वस्तांनी हा विषय येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.