रत्नागिरीत आपले स्वागत असो



मासेमारीवरच्या या परिषदेला आलेल्या आपणा सर्वांचे लोकमान्य टिळकांच्या जन्मगावी स्वागत करताना माझा ऊर अभिमानाने भरून आला आहे. ब्रह्मदेशाचा थिबा राजा इथे नजरकैदेत राहिला आणि १९१६ साली त्याने इथेच देह ठेवला. सावरकर इथे स्थानबद्ध होते. आमचे नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. सवड काढून तिथे जरूर डोकावावे, ही आग्रहाची विनंती.

पण आज मला विशेष आठवण होते ती भागोजीशेठ कीर यांची. बाहेरच्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल? रत्नागिरीच्या एका गरीब भंडारी घरातला हा मुलगा मुंबईला गेला, कष्टाने बांधकामाचा मोठा कंत्राटदार झाला आणि मिळवले ते दोन्ही हातांनी देत राहिला. १९३१ साली सर्व जातींच्या हिंदूंना खुले असणारे पतितपावन मंदिर इथे उभे राहिले, ते त्यांच्या पैशांवर. आज त्या मंदिराच्या पायऱ्या चढणाऱ्याला त्यामागचे धाडस कळणे कठीण आहे. त्या काळी अशा कामाला पैसा देणे म्हणजे आपल्याच माणसांचा रोष ओढवून घेणे होते. दादरच्या समुद्रकाठच्या स्मशानभूमीला त्यांचे नाव आहे. आमच्या शाळांतल्या मुलांना हा माणूस नीट शिकवला जावा, असे मला मनापासून वाटते.

समुद्राकडून इतके घेणाऱ्या आपण सर्वांनी भागोजीशेठांकडून परत देण्याची रीत घ्यावी, एवढाच धागा मी जोडतो. बाकी मासळी जपण्याचा विषय तज्ज्ञांचा. १९५८ पासून इथे सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्र आहे, शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. त्यांच्यासमोर मी काय बोलणार? तरी आमच्या मिरकरवाडा बंदरावरच्या लिलावात जे दिसते ते सांगतो. टोपल्यांत तळहातावर मावेल एवढे पापलेट येते. एकदाही अंडी न घातलेला मासा आपण विकतो आणि पुढच्या हंगामात मासळी कुठे गेली म्हणून विचारतो. राज्याने २०२३ साली चोपन्न जातींसाठी किमान आकार ठरवला : पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. जून-जुलैची मासेमारीबंदी आपण पाळतो, पण उरलेल्या दहा महिन्यांत बारीक आसाचे जाळे पिल्ले ओढणार असेल आणि एलईडीचे दिवे लावून रात्री समुद्र उपसला जाणार असेल, तर दोन महिन्यांच्या विश्रांतीने काय साधणार? किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीवर पोट असणाऱ्याच्या वाट्याला मग रिकामे जाळेच येते.

आता थोडे परिषदेच्या व्यवस्थेविषयी. तिच्यात उणिवा राहिल्या आहेत, याची मला काळजी आहे. खोल्या कमी पडल्याने काही प्रतिनिधींची सोय शाळांच्या वर्गांत करावी लागली. गाद्या पुरेशा आहेत, पण आंघोळीच्या गरम पाण्यासाठी सकाळी थांबावे लागेल. वीज गेली तर जनरेटर आहे. तो सुरू होईपर्यंत कृपया जागीच बसावे. जेवणात आकाराने पूर्ण वाढलेलाच मासा वाढायचा, असे आचाऱ्याला बजावून सांगितले आहे. त्यामुळे तुकडा कमी आला तर समजून घ्यावे. शाकाहारी मंडळींसाठी सोलकढी, वालाची उसळ आणि मोदक आहेत.

हे सारे देणगीदारांमुळे शक्य झाले. मिरकरवाड्याच्या नौकामालकांनी मंडपाचा खर्च उचलला, बर्फ कारखानदारांनी मासळीची सोय केली, आंबा बागायतदारांनी वाहने दिली. मच्छीविक्रेत्या भगिनींनी आपापल्या टोपलीमागे वर्गणी काढून जी रक्कम आणून दिली, ती मोजताना आमच्या खजिनदारांचे डोळे ओले झाले. एका दात्याने मोठी रक्कम दिली आणि नाव जाहीर करायचे नाही, अशी अट घातली. ती मी पाळतो. स्वयंसेवक म्हणून राबणाऱ्या महाविद्यालयीन मुलामुलींचा मी ऋणी आहे. कुणाचे नाव राहून गेले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी.

शेवटी एकच मागणी. किमान आकाराचा तक्ता चित्रांसह प्रत्येक बंदरावर, लिलावाच्या जागीच लावला जावा आणि त्याहून लहान मासा बोलीला येऊ नये, असा ठराव या परिषदेने करावा. रत्नागिरीच्या बंदरावरचा पहिला तक्ता आमची स्वागत समिती स्वखर्चाने लावील. अध्यक्ष महोदयांनी आता कामकाज सुरू करावे, ही विनंती.